माशाची वरात

दादामियाँला एकच रोग होता आणि त्याला औषध नव्हतं. माणूस दिसला की त्याला काहीतरी दाखवावंसं वाटे. नवी टोपी शिवली तर टोपी, आजारी पडला तर दवाखान्याची बाटली, आणि दाखवायला काहीच नसलं तर पायाला झालेली जखम. निजामाच्या राज्यात हा गृहस्थ येडशीला करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई होता. बार्शीकडून येणाऱ्या मालाची झडती घ्यायची, जकात भरल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असं ते काम. पुढं निजाम गेला, नाका गेला, मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, आणि दादामियाँ धाराशिवात जळाऊ लाकडाची वखार टाकून बसला. अंगावरचा सरकारी डगला उतरला, पण रुबाब काही उतरला नाही.

त्याच्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट फार लाडकी होती. "अव्वल तालुकदारसाहेबाच्या, म्हंजी आताच्या कलेक्टराच्या बंगल्यावर मुंबईवरनं बर्फात घातलेला बांगडा यायचा," तो वखारीवर आलेल्या प्रत्येकाला सांगे, "आन् ती करंडी उघडायचा हुकूम सबंध नाक्यात फकस्त मला हुता. समिंदराचा मासा म्हंजी काय, ते ह्या जिल्ह्यात दोघांनाच ठावं. एक साहेब, आन् एक म्या." खरी गोष्ट अशी की करंडी तो नुसती उचलून टांग्यात ठेवत असे, आणि कधीमधी खानसाम्यानं टाकून दिलेली डोकी घरी आणून उकळून खात असे. हे त्याच्या बायकोला, बिस्मिल्लाबीला, ठाऊक होतं. लेकीला, हसीनालाही ठाऊक होतं. पण त्या घरात ठाऊक असणं निराळं आणि बोलणं निराळं. बोलण्याचा मक्ता एकट्या दादामियाँकडे होता.

हसीनाचं लग्नाचं वय उलटून चाललं होतं. बापाच्या रोगापायी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. पहिल्या पाहुण्यांना त्यानं गावाबाहेर नेऊन दुसऱ्याचीच ज्वारी आपली म्हणून दाखवली, आणि नेमका तिचा मालक बांधावर उभा. दुसऱ्या पाहुण्यांपुढं नाक्यावर पकडलेल्या चोरट्या कापडाची गोष्ट रंगवत बसला. ते कापड मुलाच्या बापाचंच होतं, हे सगळी गोष्ट सांगून झाल्यावर कळलं.

आता तिसरं स्थळ आलं होतं बार्शीचं. मुलगा मकबूल, तिथल्या एका गिरणीत कारकून. बाप वारलेला, घरात आई रजियाबी, आणि मागंपुढं करायला बार्शीतलाच एक मानलेला मामू. हसीनानं मकबूलला एकदाच, दर्ग्याच्या उरुसात पाहिलं होतं. आई आत फातिहा वाचत होती आणि हा एवढा सुशिक्षित माणूस, चपला गर्दीत हरवू नयेत म्हणून, तिच्या चपला हातात धरून भिंतीशी उभा होता. लोक हसत होते तरी ह्याला पत्ता नाही. चार माणसांत आईच्या चपला धरणारा माणूस मीठ कमी झालं म्हणून बायकोवर ओरडणार नाही, असा हिशेब हसीनानं तिथल्या तिथं केला. तेव्हापासून तिला हे घर नको होतं आणि ते घर हवं होतं. इतकं हवं होतं की नमाजाच्या वेळी दुसरं काही मागायला तिला सुचतच नसे.

मुलाकडचे शुक्रवारी दुपारच्या एस.टी.नं मुलगी बघायला येणार, असा निरोप आला. रजियाबीचं माहेर अलिबागेकडचं, हेही कोणीतरी सांगितलं, आणि दादामियाँच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली.

"समिंदराकाठची बाई हाय," तो म्हणाला. "तिला मटण कशाला खिलवता? बांगडा खिलवतो. बार्शीला गेली की घरोघर सांगत बसंल, धाराशिवला दादामियाँच्या हितं बांगडा खाल्ला म्हणून."

"अजी, वैशाख हाय," बिस्मिल्लाबी भीत भीत म्हणाली. "त्यापरीस भोयाकडनं मरळ आणा न. बादलीत जितं असतंय, हलतंय."

"गाळातला मासा? पाव्हण्यास्नी?" दादामियाँनं असं तोंड केलं, जणू बिचारीनं गाळच ताटात वाढायला सांगितला होता. "तू आपली भाकरी थाप."

कुर्डुवाडीला रेल्वेत त्याचा एक जुना ओळखीचा गार्ड होता. त्याच्यामार्फत मुंबईहून करंडी सांगितली. शुक्रवारी दिवस उजाडायच्या आत दादामियाँ धुतलेला पायजमा आणि काळी टोपी घालून येडशीच्या स्टेशनावर हजर झाला. बार्शीची छोटी गाडी वेळेवर आली. भुशात आणि बर्फात घातलेली करंडी थंडगार होती, आणि तिथून ती सरळ घरी आली असती तर ही गोष्ट सांगायचं कारणच उरलं नसतं.

घरी हसीना सकाळपासून कामाला जुंपलेली होती. जमीन सारवून झाली, सुकं खोबरं भाजून झालं, पितळी पातेल्याला आदल्या दिवशीच कल्हई लावून घेतली होती. मसाला वाटून पाट्यावरच झाकून ठेवला. ऊन चढत गेलं तरी बापाचा पत्ता नाही. पत्ता लागला तो शेजारच्या कडूबाईकडून. ती बाजारातून डोक्यावर पदर घेऊन धापा टाकत आली, ती हसतच दारात बसली.

"आगं हसीना, तुझ्या बापानं माशाची वरात काढली की गं!"

"वरात?"

"न्हाय तर काय! येडशीला येष्टीच्या कंडाक्टरनं करंडी आत घिऊ दिली न्हाय, टपावर टाकली. स्टँडावर उतरल्यावर तुझ्या बापानं टांगा केला. करंडी फुडं, झाकण काढून, आन् ह्यो तिच्या बाजूला नवरदेवावानी! बाजारातनं फिरवली, कचेरीम्होरं फिरवली, चहाच्या हाटिलापशी तर घटकाभर थांबला. ज्यानं त्यानं हात घालून बघितलं. म्या माळकरी, म्या बाई लांब ऱ्हायले. पर माझ्या मालकानं शेपूट धरून वजन करून बघितलं. आता मशिदीपुढं टांगा हुबा हाय. जुम्म्याची नमाज सुटली की मानसं भाईर पडतेल, त्येंना दाखवून मंग येनार म्हनं."

"कडूमावशी, बर्फ हाय का त्यात?"

"हुता की. आता टांग्याखालनं पाणी गळतंय, कुत्री चाटायलीत."

हसीना वाटणाचे हात तसेच घेऊन बसून राहिली. तिला त्या क्षणी बापाचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. उन्हात दूध ठेवलं तर फाटतं, एवढं तर तिलाही कळत होतं. पण मशिदीपुढं जाऊन बापाला हाक मारणारी पोरगी अजून त्या घरात जन्माला यायची होती.

नमाज सुटून बऱ्याच वेळानं दादामियाँ घरी आला. चेहरा नुसता फुललेला. मासा दाखवून आल्यावर आता तो मासा खाल्ला काय नि नाही खाल्ला काय, असं त्याचं सुख पूर्ण झालं होतं. वाटेत चन्नबसप्पाच्या सोडावॉटरच्या दुकानातून बर्फाचा नवा गड्डा घेतला होता. चन्नबसप्पा लिंगायत, त्यानं करंडीकडे पाठ करून, नाकाला उपरणं लावून बर्फ दिला होता. तो गड्डा फोडून दादामियाँनं वरच्या वर पसरला, तशी करंडी पुन्हा सकाळसारखी दिसायला लागली. निळ्या पाठी, चांदीसारखी पोटं, डोळे चमकताहेत.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "हाय का नजर लागण्यासारखा? साऱ्या गावानं हात लावून बघितला. एकाच्या तोंडातनं वावगा शब्द न्हाय आला."

हसीनानं करंडीत हात घातला. वरचा थर गार लागला. हात खाली गेला तसा मासा कोमट होत गेला, आणि तळाशी तर आजारी माणसाच्या कपाळासारखा गरम होता.

"अब्बा, खालचा मासा गरम हाय."

"वर बर्फ हाय, दिसत न्हाय तुला? बर्फ घातला की मासा परत ताजा व्हतोय. नाक्यावर रोज बघितलंय म्या."

तिनं एक मासा नाकाशी नेला. घाण अशी काही येत नव्हती. तिला नदीचा मासा ठाऊक होता. तो नासला की घरभर ओरडून सांगतो. कल्ला पांढरा पडतो, मांस बोटाखाली पिचतं, मांजर जवळ येत नाही. हा मासा मात्र गप्प होता. मग आपलंच चुकत असेल, असं तिला वाटलं. त्या घरात तिला असं वाटायची सवय होती.

साफ करायला बसली तर घागरीत पाणी तळाला गेलेलं. वैशाखातलं धाराशिव, आडात दोर पुरत नव्हता. तिनं पोटं चिरली, आतडी काढली, आणि एकेक मासा धुवायला पाणी कुठून आणणार म्हणून करंडीतून गळालेलं, बर्फाचं वितळलेलं पाणी घंगाळात धरून त्यातच सगळा मासा एकदा बुडवून काढला. पाणी लाल झालं. त्यात साऱ्या बाजाराच्या हाताचा मळ होता, टांग्याच्या पाटीवरची धूळ होती, भुसा होता. ती ओतायला उठली तसा दादामियाँ ओरडला.

"वततीस कुठं? बर्फाचं पाणी हाय ते! मासा त्यातच राहू दे बुडून. पाव्हणं आल्याबिगर चुलीवर चढवायचा न्हाय. चुलीवरनं उतरला की ताटात पडला पाहिजे, साहेबाच्या बंगल्यावर तसंच हुतं."

बर्फाचं पाणी आणि बर्फ ह्यांत फरक असतो, हे सांगायला तिथं कोणी नव्हतं. मासा त्या पाण्यात पडून राहिला. एस.टी. वाटेत पंक्चर झाली. पाणी आधी गार होतं, मग कोमट झालं, मग हवेइतकंच गरम झालं, आणि घंगाळाच्या काठावर माश्या बसल्या. हसीना पदरानं माश्या वारत बसली. तेवढंच तिच्या हातात होतं.

पाहुणे आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मकबूल घामानं भिजला होता, तरी त्यानं आधी आईला उतरायला हात दिला. हे हसीनानं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि तिचं काळीज हललं. रजियाबी ठेंगणी, हसऱ्या तोंडाची बाई. तिनं आत येऊन हसीनाच्या हनुवटीला बोट लावलं, "माशाल्ला" म्हणाली, आणि चुलीकडं बघून म्हणाली, "सगळं एकटीनं केलंस? थकली असशील पोरी." असं त्या घरात तिला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

पातेलं चुलीवर चढलं. चिंचेचा कोळ, खोबरं, काळा मसाला. पाहुण्यांना सोसणार नाही म्हणून मिरची तिनं हात राखूनच घातली होती. उकळी आल्यावर तिनं मीठ बघायला डावभर सालन फुंकून तोंडात घेतलं. जिभेचा शेंडा चुरचुरला. मग ओठ. हे मिरचीचं तिखट नव्हतं. मिरची घशात जाते, हे जिभेवरच बसून टोचत होतं. तिनं एक तुकडा मोडून खाल्ला, तर तेच, आणि जास्त.

"अम्मा, चाखून बघा."

बिस्मिल्लाबीनं चाखलं. लेकीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "तिखट झालंय जरा," ती म्हणाली आणि नजर फिरवून भाकरी थापायला लागली.

हसीना मागच्या दारानं गेली आणि बापाला खुणेनं बोलावून घेतलं. "अब्बा, मासा जिभेला टोचतोय. टाकून देऊ. अंडी हायत घरात, आत्ता करते."

"टाकून देऊ?" दादामियाँ दात आवळून, आवाज न करता ओरडला. "साऱ्या गावानं बघितलाय! उद्या इचारतेल, बांगडा कसा हुता, तर काय सांगू? अंडी खाल्ली म्हणून सांगू? मिरची ओतली असशील आंधळ्यावानी. खोबरं घाल आन् गप वाढ."

तिनं खोबरं घातलं. मग ते पातेलं दोन्ही हातांत धरून ती चुलीपाशी उभी राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती अगदी स्पष्ट आली. हात सोडायचे. पातेलं खाली, सालन जमिनीत, संपलं. बाप मारेल, मारू दे. पण पाहुण्यांच्या देखत पातेलं सांडणारी धांदरट पोरगी कोण करून घेईल? दोन मोडली होती, हे तिसरं. मकबूल भिंतीशी चपला धरून उभा असलेला तिला दिसला. तिनं पातेलं घट्ट धरलं आणि नीट, थेंब न सांडता, आईच्या हातात दिलं.

आधी पुरुषांची पंगत बसली, बायकांनी मागून जेवायचं असा रिवाज. मामूनं पहिल्या घासाला "ओहो" केलं. "मराठवाड्याचं तिखट बरं का हे! जिभेला नाचवतंय."

दादामियाँ खूश. "आमच्याकडं असंच. रडत रडत खायाचं."

"छान झालंय," मकबूल हळूच म्हणाला. "अजून थोडं घेतो."

पडद्याआड हसीनाला आनंद झाला. जीभ अजून चुरचुरत होती, सगळं कळत होतं, तरी त्यानं दुसऱ्यांदा मागितलं म्हणून तिला आनंद झाला. पुढं आयुष्यभर तिनं स्वतःला जे माफ केलं नाही, ते हे.

पुरुष उठले, मग रजियाबी आत जेवायला बसली. तिनं एक तुकडा तोंडात घातला आणि चावता चावता थांबली. घास पदराच्या टोकात थुंकला. बिस्मिल्लाबीकडं नाही, हसीनाकडं बघत विचारलं, "हा बांगडा कधीचा गं?"

"आजचाच जी," बिस्मिल्लाबीनं घाईघाईनं उत्तर दिलं. हसीना भाकरीची चळत सरळ करत राहिली. रजियाबी ताट सरकवून उठायला लागली, "मकबूलऽ" म्हणून तिनं हाकही मारली, आणि तेवढ्यात बाहेरून मामूचा आरडाओरडा ऐकू आला.

तिघांचेही चेहरे लाल झाले होते. लाल म्हणजे डोळ्यांची बुबुळं सोडली तर कान, मान, सगळंच. अंगावर गांधी उठल्या होत्या. दादामियाँ सदरा वर करून खरखरा पोट खाजवत होता. मामू ओट्यावर उकिडवा बसून ओकत होता. मकबूल भिंतीला टेकला होता, त्याचं डोकं ठणकत होतं आणि छाती इतकी धडधडत होती की सदरा हलताना दिसत होता. रजियाबी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि रडायलाच लागली.

गल्ली गोळा झाली. कडूबाईच्या नवऱ्यानं सायकल हाणून सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आणला. तरुण, नगरकडचा माणूस. त्यानं सुया टोचल्या आणि विचारलं, "काय खाल्लं?"

"मासा."

"नासका होता?"

रजियाबी लेकाच्या छातीला कान लावून बसली होती, आणि तिथं गर्दीनं एका तोंडानं उत्तर दिलं. "न्हाय, न्हाय! मासा झकास हुता! आमी सगळ्यांनी बघितला." कोणी म्हणालं, म्या कल्ला उघडून बघितला. कोणी म्हणालं, म्या पोट दाबून बघितलं, दगडावानी टणक. कडूबाईच्या नवऱ्यानं तर शेपूट धरून कसा उचलला ते करून दाखवलं. ज्या हातांनी मासा नासवला, ते सगळे हात साक्षीला उभे राहिले होते, आणि एकही खोटं बोलत नव्हता.

"मग भांडं," डॉक्टर म्हणाला. "पितळेला कल्हई नसली की चिंचेनं विष चढतं. भांडं दाखवा."

पातेलं बाहेर आणलं. नवी कल्हई आरशासारखी चमकत होती. डॉक्टरनं ते उलटंपालटं केलं, खांदे उडवले, "काहीतरी पोटात गेलंय, उतरेल सकाळपर्यंत," असं सांगून पेटी मिटली आणि गेला. मासा चांगला, भांडं चांगलं. गर्दीतल्या प्रत्येकाच्या मनात आता एकच गोष्ट उरली होती आणि ती बोलायची कोणाला हिंमत नव्हती. ती हिंमत दादामियाँनं केली.

त्यानं लाल तोंड वर केलं. पडद्याशी उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं. खालचा मासा गरम हाय, हे तिनं सांगितलेलं त्याला आठवत होतं. टाकून देऊ, हेही. हसीनाला त्याच्या डोळ्यांत ते दिसलं. तो आता काहीतरी बोलेल आणि थोडा लाजेल, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

"मासा म्या आणला, तो समद्यांनी बघितला," तो म्हणाला. "रांधला हिनं. माझा मासा, हिचा हात. आता हाताला काय हाय ते अल्लाला ठावं."

गर्दी हलली. कोणीतरी "तरीच दोन सोयरिकी मोडल्या" असं पुटपुटलं. कडूबाई, जी रोज त्या हातचं ताक प्यायला येई, ती पाऊलभर मागं सरकली. बिस्मिल्लाबीनं पदर तोंडात कोंबला.

दिवेलागणीच्या वेळी रजियाबी पाणी घ्यायला आत आली. मकबूलची लाली ओसरायला लागली होती. हसीना चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"पोरी, तू चाखलं होतंस?"

"व्हय, खाला."

"जिभेला टोचलं?"

"व्हय."

"ऊन लागलेला बांगडा असाच चावतो," रजियाबी तिच्याजवळ बसत म्हणाली. "वास येत नाही, दिसतो चांगला, पण आत वाईट झालेला असतो. मग बर्फ घाला, उकळा, काहीही करा, ते जात नाही. माझ्या माहेरी लहान लेकरूसुद्धा थुंकून टाकतं. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही."

हसीनाच्या छातीवरचा दगड उतरला. तिनं रजियाबीचे पाय धरले. "खाला, एवढं भाईर सांगा. तुमचं ऐकतील. तुमचा मान हाय."

"सांगते की." रजियाबी उठली नाही. "मासा तुझ्या बापानं नासवला, हे सांगते. मग विचारतील, पोरीला कळलं नव्हतं का. तेव्हा काय सांगू?"

हसीनाचे हात तिच्या पायांवरून सुटले.

"मासा ओळखायला मी शिकवलं असतं," रजियाबी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट फार हळू होता. "काही येत नसतं तरी घेतली असती तुला, मनात भरली होतीस. पण कळलं होतं, आणि तरी माझ्या लेकाच्या ताटात वाढू दिलंस. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हाही वाढू दिलंस. आज बापाच्या भीतीनं, उद्या माझ्या भीतीनं. मी माझं पोर कोणाच्या भरवशावर टाकू?"

ती पाण्याचा तांब्या घेऊन उठली. दारात थांबली.

"बाहेर मी काही बोलत नाही. हाताला विष आहे म्हणतात, म्हणू देत. कळून वाढलं म्हणण्यापेक्षा ते बरं आहे. एवढंच मी तुझ्यासाठी करू शकते."

पाहुणे त्या घरात झोपले नाहीत, दर्ग्याच्या ओसरीत झोपले. सकाळपर्यंत तिघांच्याही अंगावर एक डाग उरला नव्हता. काल काही झालं होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं. पहिल्या एस.टी.ला निघताना रजियाबी निरोप घ्यायला दाराशी आली. तिनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या होत्या. मकबूलनं त्या उचलून तिच्या पायाशी ठेवल्या, आणि पडद्याकडं न बघता तो चालू लागला.

ऊन वर यायच्या आत ओट्यावर माणसं जमली. दादामियाँ ठणठणीत होता आणि दाखवायला आज त्याच्याकडं काहीतरी होतं. अंगावर गांधी कुठून कुठपर्यंत उठल्या ते तो सदरा वर करून दाखवत होता. मासा मात्र असा होता, तो सांगत होता, की तालुकदारसाहेबानंसुद्धा बघितला नसेल. "चहा टाक गं," त्यानं आत आवाज दिला.

हसीनानं चहा केला. कप तिनंच दारापर्यंत आणून ठेवले. पहिल्यानं "आत्ताच घेतला जी" म्हणून हात जोडले. दुसरा उठून टोपी झटकायला लागला. कडूबाईच्या नवऱ्यानं कप हातात घेतला, आणि बोलता बोलता ओट्याच्या कडेला ठेवून दिला.

"आरं प्या की! घाबरता काय बायकावानी?" दादामियाँ खो खो हसला. "कालचं कालच्या संगं गेलं." त्यानं स्वतःचा कप उचलला, बशीत चहा ओतला, बशी ओठाला लावली. आणि तिथंच थांबला. वास घेतला. दारात उभ्या असलेल्या लेकीच्या हातांकडं त्यानं पाहिलं. ह्या वेळी त्याच्या डोळ्यांत काही आठवत असल्याची खूण नव्हती. त्याला खरंच भीती वाटली होती.

त्यानं बशी खाली ठेवली.

"बिस्मिल्ला," तो म्हणाला, "तू टाक दुसरा."

बिस्मिल्लाबी उठली. तिनं लेकीकडं पाहिलं नाही. चहाचं पातेलं उचललं, मोरीवर नेलं, आणि आधी ते राखेनं आतून बाहेरून घासून काढलं.